अमेरिकेंतील स्थितिवाद आणि खानदेशचा कापूस

राजकीय पक्षांचीं नांवें एका देशांतून दुसऱ्या देशांत नेलीं म्हणजे त्यांचा अर्थ बहुधा बिघडतो. इंग्लंडांतील ज्या पक्षाला आपल्याकडे हुजूरपक्ष म्हणण्याचा प्रघात पडला, त्याच्या अभिमानाचे विषय राजपद, उमरावांची सभा आणि धर्मपीठ हे होते. अमेरिकेंत राजा नाहीं, उमराव नाहींत, सरकारमान्य धर्मपीठही नाहीं. तेव्हां तेथील स्थितिवादी मनुष्य राखूं म्हणतो तरी काय, हा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. प्रश्न परका दिसतो खरा. परंतु पारोळें, अमळनेर, एरंडोल या बाजूच्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाला त्याच्या उत्तराची झळ एकदां नव्हे, दोनदां लागलेली आहे. म्हणून त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१७७६ सालीं तेरा वसाहतींनीं इंग्लंडची राजसत्ता झुगारून दिली. पण अकरा वर्षांनीं फिलाडेल्फिया येथें घटना करण्यास जमलेल्या त्यांच्याच पुढाऱ्यांना लोकसत्तेचीही धास्ती वाटूं लागली होती. राजा गेला म्हणून जुलूम गेला असें होत नाहीं. बहुमतही जुलूम करूं शकतें, हें त्यांनीं ओळखिलें. यासाठीं कायदे करणारी, ते अंमलांत आणणारी आणि न्याय देणारी अशा तीन सत्ता त्यांनीं वेगळ्या केल्या व प्रत्येकीच्या हातीं दुसरीला अडविण्याचें साधन दिलें. सत्ताधाऱ्याच्या सद्गुणावर भिस्त ठेवूं नये, एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनें आवर घालावा, हें मॅडिसनच्या लेखांचें सूत्र होय. एका क्रांतीनेंच सत्तेला घातलेली ही मर्यादा अमेरिकन स्थितिवादी राखूं म्हणतो.

या विचाराचा आद्य आचार्य म्हणून ज्याचें नांव घेतात, तो एडमंड बर्क इंग्लंडांतला. त्यानें १७७५ सालीं अमेरिकन वसाहतींशीं सलोखा करण्याचा पक्ष घेतला, १७८८ पासून हिंदुस्थानांतील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटापुढें खटला चालविला, आणि १७९० सालीं फ्रेंच राज्यक्रांतीवर टीकेची झोड उठविली. वरवर पाहणाऱ्यास यांत विसंगति दिसेल. परंतु सत्ता राजाची असो, कंपनीच्या गव्हर्नराची असो वा जमावाची असो, ती बेबंद होऊं नये, हा धागा तिन्ही ठिकाणीं एकच आहे.

येथवर स्थितिवादाची उजळ बाजू झाली. पण अमेरिकन घटनेच्या पायांतच एक कीड शिरली होती. गुलाम हा शब्द मूळ घटनेंत कोठेंही नव्हता. तरी प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम तीन माणसांबरोबर मोजावे, १८०८ पूर्वीं गुलामांच्या आयातीस बंदी करूं नये आणि पळून गेलेला गुलाम धन्यास परत द्यावा, अशा तरतुदी तींत होत्या. १७९३ सालीं व्हिटनीनें सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें आणि दक्षिणेंत कापसाचें पीक अत्यंत किफायतशीर झालें. त्याबरोबर गुलामांची किंमतही चढली. १८६० च्या खानेसुमारींत त्यांची संख्या एकोणचाळीस लक्षांवर गेली होती. मर्यादित सत्तेचें तत्त्व आणि गुलामांवरील मालकी या दोन वस्तु एकाच गांठोड्यांत बांधल्या गेल्या; आणि गांठोडें राखणारा यांपैकीं नेमकें काय राखीत आहे, हें सांगणें कठीण झालें.

दक्षिण कॅरोलायनाचा विद्वान सेनेटर कॅल्हून यानें संस्थानांचे हक्क आणि अल्पसंख्यांचें रक्षण यांची मोठी तर्कशुद्ध मांडणी केली. परंतु ज्या अल्पसंख्यांची त्याला चिंता होती ते गुलामांचे धनी होते. शेतांत राबणारीं लक्षावधि माणसें त्याच्या हिशेबांत नव्हतीं. १८३७ सालीं तर गुलामगिरी ही दोन्ही पक्षांना हितकरच आहे, असें त्यानें सेनेटांत प्रतिपादिलें. उलट लिंकननें फेब्रुवारी १८६० मध्यें न्यूयॉर्क येथील भाषणांत दक्षिणेच्या स्थितिवादाचा दावाच खोडून काढला. घटनेवर सह्या करणाऱ्या ३९ पुरुषांपैकीं बहुतेकांनीं नव्या मुलखांत गुलामगिरीला आळा घालण्याचा मध्यवर्ती सरकारचा अधिकार मानला होता, हें त्यानें दाखल्यांनिशीं दाखविलें. तेव्हां जुन्या वाटेनें आपण चाललों आहों, नवी वाट दक्षिणेनें धरली आहे, असा त्याचा कोटिक्रम होता. स्थितिवादी म्हणविणारे दोघेही. भेद एवढाच कीं एकानें हितसंबंध राखला, दुसऱ्यानें तत्त्व.

या वादाचा निकाल १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत लागला आणि त्याचे पडसाद आमच्या खानदेशांत उमटले. पारोळ्याचा भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर नेवाळकर यांनीं १७२७ च्या सुमारास बांधविला. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचें घराणें तें हेंच. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रज सरकारनें ही जहागीर जप्त केली व किल्ल्याची मोडतोड केली. या घटनेला थोडीं वर्षें होतात न होतात, तोंच लिंकनच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली. तेव्हां ज्या मुलखावर नुकताच दंड बजावला, त्याच मुलखाच्या काळ्या जमिनीकडे इंग्रजांचे डोळे लागले. कलेक्टर ॲशबर्नर यांनीं हिंगणघाटच्या बियाण्याचा खानदेशांत प्रसार केला. रुईंतील भेसळ थांबविण्यासाठीं १८६३ सालीं मुंबई सरकारनें कायदा केला. रुईचे भाव पाहतां पाहतां कित्येक पटींनीं चढले. मुंबईंत सट्ट्याला ऊत आला. १८६५ सालीं युद्ध संपल्याची वार्ता येतांच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि तेजींत काढलेलें कर्ज शेतकऱ्याच्या मानेवर राहिलें. दूरच्या देशांत माणसांच्या बेड्या तुटल्या, त्या दिवशीं मुंबईच्या बाजारांत हाय हाय झाली!

परंतु याच महाराष्ट्रांत त्या घटनेकडे निराळ्या दृष्टीनें पाहणारा एक पुरुष होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलें. ज्या युद्धाचा हिशेब बाजार रुईच्या भावांत करीत होता, त्याचा हिशेब जोतीरावांनीं माणसांत केला.

दुसरी झळ अलीकडील आहे. १८८७ सालीं टेक्सासांत अवर्षणानें गांजलेल्या शेतकऱ्यांना बियाण्यासाठीं १०,००० डॉलर देण्याचें बिल अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं नामंजूर केलें. सरकारनें लोकांना पोसण्याची संवय लावूं नये, हें त्यांचें म्हणणें. तें कठोर वाटेल. पण त्यांत लपवाछपवी नव्हती. पुढें २००२ सालीं स्वतःस स्थितिवादी म्हणविणाऱ्या बुश यांच्या सहीनें जो शेतकी कायदा झाला, त्यानें कापूस पिकविणाऱ्यांना सरकारी तिजोरींतून भरघोस साहाय्य दिलें. त्यांच्याच पक्षांतील कांहींनीं यास विरोध केला, हें नमूद केलें पाहिजे. जगांतील भाव या साहाय्यानें दबतात, अशी फिर्याद ब्राझीलनें जागतिक व्यापार संघटनेकडे नेली व ती बव्हंशीं जिंकली. २०१४ सालीं अमेरिकेनें ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. खानदेशच्या शेतकऱ्याला त्यांतलें कांहींच मिळालें नाहीं. त्याच्या हलाखीला अवर्षण, बोंडअळी आणि सावकारी हींही कारणें आहेत. सारा दोष अमेरिकेच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु खुल्या व्यापाराचें तत्त्व दुसऱ्यास सांगावें आणि स्वतःच्या मतदारांपुरतें तें गुंडाळून ठेवावें, यास तत्त्वनिष्ठा म्हणतां येत नाहीं.

हीच कसोटी परराष्ट्रकारणास लावून पाहावी. वॉशिंग्टननें १७९६ सालीं कायमच्या तहांपासून दूर राहण्याचा उपदेश केला. जॉन क्विन्सी ॲडम्सनें १८२१ सालीं बजाविलें कीं, परक्यांच्या लढायांत शिरून अमेरिका जगाची स्वामिनी होईल, पण स्वतःवरचें स्वामित्व घालवून बसेल. १९४९ सालीं सेनेटर टॅफ्ट यांनीं अटलांटिक तहाविरुद्ध मत दिलें, तें याच परंपरेंत. परंतु साम्यवादाच्या भीतीनें हें सूत्र सैल झालें. अध्यक्ष निक्सन यांनीं १९७१ सालीं बंगालच्या उपसागरांत आरमार धाडलें. २००३ सालीं इराकवर स्वारी झाली. जे घरांत सरकारच्या हातीं चार पैसे देण्यास कचरतात, तेच बाहेर त्याच सरकारच्या हातीं अमर्याद सैन्य देतात, हें कोडें तेथील जुन्या वळणाच्या स्थितिवाद्यांनाही सुटलेलें नाहीं.

यावरून स्थितिवाद म्हणजे निव्वळ ढोंग, असा निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें होईल. कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले डॉ. आंबेडकर यांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत अमेरिकन पद्धति आणि पार्लमेंटरी पद्धति यांची तुलना केली. पहिलींत स्थैर्य अधिक, दुसरींत जबाबदारी अधिक, असें सांगून त्यांनीं जबाबदारीच्या बाजूनें कौल दिला. पण मूलभूत हक्क आणि ते राखणारें न्यायालय या मर्यादा आपल्याही घटनेनें स्वीकारल्या. सत्तेला बांध हवा, हें स्थितिवाद्यांचें म्हणणें आपणही मान्य केलें आहे. मात्र तो बांध शेजाऱ्याच्या शेताइतकाच आपल्याही शेतास असला पाहिजे. आपल्या देशांतही परंपरा राखण्याची भाषा वरचेवर कानीं पडते. अशा वेळीं परंपरेंतील कोणती वस्तु राखावयाची आणि तिचा खर्च कोणाच्या पदरीं घालावयाचा, हे दोन प्रश्न सुबुद्ध वाचकानें अवश्य विचारावे.