रणजी 2018-19: विदर्भाने करंडक सलग दुसऱ्यांदा कसा जिंकला आणि त्यात यवतमाळच्या अक्षय कर्णेवारचा वाटा किती?

7 फेब्रुवारी 2019. नागपूरचं जामठा स्टेडियम. रणजी फायनलचा पाचवा दिवस. सौराष्ट्रला जिंकायला अजून 148 रन्स हव्या होत्या आणि हातात 5 विकेट्स होत्या. विदर्भाला त्या 5 विकेट्स काढायच्या होत्या. लंचच्या आसपासच काय ते कळणार होतं.

सौराष्ट्रचा डाव 127 वर संपला. विदर्भ 78 रन्सनी जिंकलं आणि सलग दुसऱ्या वर्षी रणजी करंडक नागपुरात राहिला.

पेपरांत दुसऱ्या दिवशी हेडलाइन आदित्य सरवटेची होती आणि ती बरोबरच होती. त्याने मॅचमध्ये 11 विकेट्स घेतल्या होत्या. पण स्कोअरकार्ड नीट पाहिलं, तर पहिल्या डावात आणखी एक आकडा दिसतो. अक्षय कर्णेवार, नाबाद 73. हा पोरगा यवतमाळचा. विदर्भाच्या त्या सिझनची गोष्ट समजून घ्यायची, तर या आकड्यापर्यंत यावंच लागतं.

आधी एक घोळ मिटवू: विदर्भाची टीम वेगळी का?

महाराष्ट्र राज्य एक असलं, तरी रणजीत राज्यातून तीन टीम उतरतात. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची पोरं महाराष्ट्राकडून खेळतात. विदर्भातल्या 11 जिल्ह्यांसाठी विदर्भ क्रिकेट असोसिएशन, म्हणजे व्हीसीए आहे आणि तिचं ऑफिस नागपुरात. यवतमाळच्या पोराला रणजी खेळायची असेल, तर त्याचा रस्ता पुण्याला किंवा मुंबईला जात नाही. दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला जातो.

याला जुनं कारण आहे. रणजी स्पर्धा 1934-35 ला सुरू झाली, तेव्हा हा भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्याच नावाची टीम खेळायची. विदर्भ या नावाने टीम उतरली 1957-58 मध्ये. तिथून पुढे साठ वर्षं विदर्भाने काय जिंकलं? काहीच नाही. साधी सेमीफायनलसुद्धा गाठली नव्हती. मोठ्या टीमसाठी विदर्भ म्हणजे पॉइंट्स गोळा करायची हक्काची जागा होती.

मग आला 2017-18 चा सिझन. कोच म्हणून चंद्रकांत पंडित आले, कॅप्टन होता नागपूरचा फैज फझल. कोलकात्यात सेमीफायनलला कर्नाटकला फक्त 5 रन्सनी हरवलं, रजनीश गुरबानीने त्या मॅचमध्ये 12 विकेट्स काढल्या. इंदूरच्या फायनलला गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन झालं.

साठ वर्षांत एकदा जिंकलेल्या टीमबद्दल लोक काय बोलतात, हे सांगायला नको. तुक्का लागला, एका बॉलरचा सिझन गेला, वगैरे. त्यामुळे पहिल्या करंडकापेक्षा दुसऱ्या वर्षाची परीक्षा जास्त अवघड होती. रणजीच्या इतिहासात तोवर फक्त पाच टीमना करंडक राखता आला होता.

2018-19: टीम तीच, पण आता सगळे तयारीने येणार

हा सिझन आधीपेक्षा मोठा होता. नऊ नव्या टीम आल्या आणि एकूण संख्या 37 झाली. विदर्भ एलिट गटात होतं, म्हणजे सोप्या मॅच जवळपास नाहीत.

इथे पॉइंट्सचं गणित कळलं तर पुढचं सोपं जातं. लीगमध्ये मॅच सरळ जिंकली तर 6 पॉइंट्स, डावाने किंवा 10 विकेट्सनी जिंकली तर वर 1 बोनस. मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याला 3 आणि समोरच्याला 1. नॉकआउटमध्ये ड्रॉ झाला तर पहिल्या डावात आघाडी घेणारी टीम सरळ पुढे जाते. म्हणूनच रणजीत पहिल्या डावाच्या शेपटीला, म्हणजे नंबर आठपासून खाली येणाऱ्यांना सोन्याचा भाव असतो.

लीगमधली सर्वांत गाजलेली मॅच मुंबईविरुद्धची. नागपुरात विदर्भाने 511 केल्या, त्यात वसीम जाफरच्या 178 आणि अथर्व तायडेच्या 95. मुंबई 252 आणि 114. म्हणजे एक डाव आणि 145 रन्सनी पराभव. 41 वेळा रणजी जिंकलेल्या टीमचा हा हिशोब, आणि 178 करणारा जाफर स्वतः मुंबईचाच. मुंबईकरांना हे किती झोंबलं असेल!

जाफर तेव्हा चाळिशीत होता. ज्या वयात बहुतेक जण कॉमेंट्री बॉक्समध्ये बसतात, त्या वयात त्याने या सिझनला 1037 रन्स केल्या. रणजीत 11,000 रन्स करणारा तो पहिला बॅट्समन याच सिझनमध्ये झाला. विदर्भाने बाहेरून आणलेले दोन बॅट्समन, जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश, यांच्याभोवती बाकी सगळी पोरं विदर्भाच्या मातीतली. रचना अशी होती.

लीग संपली तेव्हा विदर्भ आणि सौराष्ट्र दोघांचे 29 पॉइंट्स होते. फायनललाही हेच दोघे भेटणार होते, पण ते नंतर.

क्वार्टरफायनलला समोर होतं उत्तराखंड. पहिल्यांदाच रणजी खेळणाऱ्या या टीमने 355 करून थोडी धाकधूक वाढवली. मग जाफरने 206 ठोकल्या, संजय रामास्वामीने 141, सरवटेनेही शतक काढलं आणि विदर्भाने 629 चा डोंगर उभा केला. डाव आणि 115 रन्सनी विषय संपला.

सेमीफायनल वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर, केरळविरुद्ध. केरळची ही पहिलीच सेमीफायनल होती. विकेट हिरवी होती आणि विदर्भाकडे उमेश यादव होता. उमेशने पहिल्या डावात 48 रन्स देऊन 7 विकेट्स घेतल्या, केरळ 106. विदर्भाने 208 केल्या, त्यातल्या 75 फैज फझलच्या. दुसऱ्या डावात केरळ 1 बाद 59 वर छान चाललं होतं, तिथून 91 वर सगळे तंबूत. उमेशच्या मॅचमध्ये 12 विकेट्स. पाच दिवसांची मॅच दोन दिवसांत संपली.

फायनल: ती 112 रन्सची शेपटी

3 फेब्रुवारीला जामठ्यात फायनल सुरू झाली. टॉस विदर्भाने जिंकला, बॅटिंग घेतली, आणि दिवसभर अडखळत राहिले. जाफर 23 वर गेला. सतीश 32, मोहित काळे 35, विकेटकीपर अक्षय वाडकर 45. सुरुवात सगळ्यांची झाली, पण टिकलं कोणी नाही. दिवस संपला तेव्हा स्कोअर 7 बाद 200.

त्या वेळी कर्णेवार 31 वर नाबाद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉलर सौराष्ट्रचे ताजेतवाने. कॅप्टन जयदेव उनाडकट फॉर्मात. अंदाज असा की आणखी वीस-तीस रन्स होतील. पण कर्णेवार उभा राहिला. दुसऱ्या टोकाला अक्षय वखरेने 34 रन्स करत साथ दिली. शेवटच्या तीन विकेट्सनी 112 रन्स जोडल्या, विदर्भ 312 वर पोहोचलं. कर्णेवार नाबाद 73. डावातला सर्वोच्च स्कोअर नंबर आठच्या आसपास खेळणाऱ्या, मुळात बॉलर म्हणून घेतलेल्या खेळाडूचा.

आता समोर सौराष्ट्र, म्हणजे चेतेश्वर पुजारा. हा माणूस नुकताच ऑस्ट्रेलियात 521 रन्स करून परतला होता आणि सेमीफायनलला कर्नाटकविरुद्ध नाबाद 131 करून टीमला फायनलला घेऊन आला होता. सरवटेने त्याला 1 वर काढलं. स्नेल पटेल मात्र खेळत राहिला, त्याने 102 केल्या. 247 वर नववी विकेट पडली तेव्हा विदर्भाला वाटलं, मोठी आघाडी मिळणार. तर उनाडकट आणि चेतन साकरिया या शेवटच्या जोडीने 60 रन्स जोडल्या. सौराष्ट्र 307.

आघाडी किती? 5 रन्स.

तेवढी आघाडी पुरेशी होती, कारण मॅच ड्रॉ झाली असती तरी करंडक विदर्भाचाच होता. कर्णेवार लवकर आउट झाला असता तर ही आघाडी सौराष्ट्रकडे गेली असती आणि पुढचे तीन दिवस फझलला वेगळंच क्रिकेट खेळावं लागलं असतं. शिवाय अंतिम फरक 78 रन्सचा आहे आणि शेपटीने जोडल्या 112. वजाबाकी ज्याने त्याने करावी.

दुसऱ्या डावात विदर्भ 200 वर आउट झालं. धर्मेंद्रसिंह जडेजाने 6 विकेट्स काढल्या. विदर्भाकडून सर्वाधिक 49 पुन्हा एका बॉलरच्याच, सरवटेच्या. सौराष्ट्रला टार्गेट 206. पुजारा या वेळी शून्यावर, पुन्हा सरवटेच्याच बॉलिंगवर. चौथ्या दिवसअखेर 5 बाद 58 आणि पाचव्या दिवशी विश्वराज जडेजाच्या 52 नंतरही सगळं 127 वर आटोपलं. सरवटेच्या पहिल्या डावात 5, दुसऱ्यात 6. सिझनमध्ये एकूण 55.

दोन्ही हातांनी बॉलिंग करणारा कर्णेवार

कर्णेवारचं नाव त्याआधी देशाने ऐकलं होतं ते वेगळ्याच कारणाने. तो दोन्ही हातांनी स्पिन टाकतो. लहानपणी यवतमाळमध्ये तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, पण थ्रो आणि बॅटिंग मात्र डाव्या हाताने. कोच बाळू नवघरे यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी त्याला डाव्या हातानेही बॉलिंग करायला लावली. सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव मॅचमध्ये बोर्ड अध्यक्ष एकादशकडून त्याने दोन्ही हातांनी बॉलिंग केली आणि व्हिडिओ सगळीकडे फिरला.

अनेकांना वाटतं हे नियमात बसतं का? बसतं. फक्त हात बदलण्याआधी बॉलरने अंपायरला सांगायचं, अंपायर बॅट्समनला सांगतो. न सांगता हात बदलला तर नो बॉल. फायदा असा की समोर डावखुरा बॅट्समन असो की उजवा, बॉल त्याच्यापासून बाहेर वळवता येतो.

गंमत म्हणजे इतकी दुर्मिळ कला असूनही या सिझनच्या सर्वांत मोठ्या मॅचमध्ये तो टीमच्या कामाला आला बॅटने.

लगेच आठवड्यात इराणी करंडक

रणजी चॅम्पियन विरुद्ध शेष भारत, अशी ही एक मॅच असते. 12 फेब्रुवारीला नागपुरातच सुरू झाली. समोर अजिंक्य रहाणेची टीम, मयंक अग्रवाल, श्रेयस अय्यर, हनुमा विहारी असे सगळे टीम इंडियाच्या आतबाहेर असणारे. विहारीने दोन्ही डावांत शतक केलं.

शेष भारताच्या 330 ला उत्तर देताना विदर्भाने 425 केल्या. वाडकर 73, रामास्वामी 65, आणि पुन्हा खालून येऊन कर्णेवार 102. फर्स्ट क्लासमधलं त्याचं पहिलं शतक. 95 ची आघाडी मिळाली आणि शेवटी तीच निर्णायक ठरली. 280 च्या टार्गेटचा पाठलाग करताना विदर्भ 5 बाद 269 वर होतं, फक्त 11 रन्स हव्या होत्या, तेव्हा दोन्ही कॅप्टननी हात मिळवले. ड्रॉ. पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा, मॅन ऑफ द मॅच कर्णेवार. (11 रन्स बाकी असताना थांबले कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण आघाडी खिशात असताना धोका घ्यायची गरज नव्हती.)

ही मॅच चालू असतानाच, 14 फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला. 16 तारखेला मॅच संपल्यावर फैज फझलने जाहीर केलं की बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना दिली जाईल. ती रक्कम 10 लाख होती.

पैसा किती असतो?

आयपीएलच्या कोट्यवधींच्या बातम्या वाचून सगळेच क्रिकेटर श्रीमंत वाटतात. विदर्भाच्या नावाची आयपीएल टीम नाही आणि 2018-19 च्या या टीममधल्या बहुतेकांचं पोट स्थानिक क्रिकेटवरच होतं. 2018 मध्ये बीसीसीआयने रणजीतल्या प्लेइंग इलेव्हनची फी दिवसाला 10,000 वरून 35,000 केली. म्हणजे टीममध्ये असाल तर कमाई बरी, बाहेर बसलात तर खूपच कमी, आणि मॅच वर्षातले मोजकेच महिने. जिल्ह्याच्या गावातून नागपूरला येणाऱ्या पोरासाठी एका सिझनमधल्या जागेला किती किंमत असते, हे या आकड्यांत दिसतं.

नंतर कोण कुठे गेलं?

जाफर मार्च 2020 मध्ये निवृत्त झाला, फझल फेब्रुवारी 2024 मध्ये. पंडित पुढे मध्य प्रदेशचे कोच झाले आणि 2021-22 मध्ये त्यांनाही पहिली रणजी जिंकून दिली.

कर्णेवारने 8 नोव्हेंबर 2021 ला आंध्रातल्या मंगलगिरीत मणिपूरविरुद्ध सय्यद मुश्ताक अली टी-20 मध्ये अशी बॉलिंग केली की आकडे वाचून टायपिंगची चूक वाटावी. 4 ओव्हर, 4 मेडन, 0 रन्स, 2 विकेट्स. पुरुषांच्या टी-20 मध्ये चारही ओव्हर मेडन टाकणारा तो पहिला बॉलर. त्याच्या पुढच्याच मॅचला सिक्कीमविरुद्ध हॅट्ट्रिक.

विदर्भाने 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा रणजी जिंकली. जागा तीच, जामठा. कॅप्टन होता 2019 च्या फायनलमधला विकेटकीपर अक्षय वाडकर. समोर केरळ, आणि केरळकडून पहिल्या डावात 79 रन्स करून विदर्भाला घाम फोडणारा बॅट्समन होता आदित्य सरवटे.