रिकाम्या खाटांचा हिशेब

सन २००६ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट आहे. आर्थिक वर्ष संपत आले म्हणजे दिल्लीच्या मंत्रालयांत फाईलींचा पूर येतो, आणि अनुदानाच्या फाईली त्यात सर्वांत घाईच्या असतात. ३१ मार्चनंतर न खर्चलेला पैसा परत जातो. मी तेव्हा एका मंत्रालयाच्या वित्त शाखेत होतो. दक्षिणेतील एका शहरातील लहानशा संस्थेची फाईल माझ्यापुढे आली. मनोरुग्णालयातून उपचार पूर्ण करून बाहेर पडलेल्या, परंतु लगेच घरी जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांसाठी ही संस्था एक घर चालवीत होती. मंजूर संख्या पंधरा. तपासणीच्या दिवशी प्रत्यक्ष हजर नऊ.

मी टिपणी लिहिली : ‘सहा जागा रिक्त असल्याने अनुदान त्या प्रमाणात कमी करावे व उपयोगिता प्रमाणपत्र सुधारून मागवावे.’ नियमाने पाहता टिपणीत काही चूक नव्हती. संस्थेच्या चिटणीस बाईंचे उत्तर आले. त्या सहाजणी आपापल्या घरी परतल्या होत्या. एक तर शिवणकामाच्या दुकानात नोकरीला लागली होती. ‘माणसे परत जावीत म्हणूनच आम्ही हे घर चालवितो,’ असे त्यांनी लिहिले होते. मी ते पत्र फाईलला जोडले आणि टिपणी बदलली नाही. पुढच्याच वर्षी ते घर बंद पडले. उरलेल्यांपैकी दोघींना घ्यायला कोणी आले नाही, तेव्हा त्यांना ज्या मनोरुग्णालयातून त्या आल्या होत्या तेथेच परत पाठविण्यात आले.

इंदूरच्या एका स्नेह्यांनी अलीकडे विचारले, ‘मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेला अनुदान मिळते तरी कोठून?’ उत्तर देऊ लागलो तेव्हा ही जुनी फाईल आठवली. तिच्यामागे बराच मोठा इतिहास आहे, आणि तो समजल्याशिवाय अनुदानाची दारे नीट ओळखू येत नाहीत.

आरंभ करावा लागतो १९१२ च्या भारतीय वेड्यांच्या कायद्यापासून. त्या कायद्याचा भर रुग्णाला ताब्यात घेणे, दाखल करणे आणि सांभाळणे यांवर होता. साहजिकच सरकारच्या लेखी मानसिक आजार म्हणजे इमारत, भिंत आणि खाट. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा तिनेही मोजमाप खाटांतच केले : हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे मनोरुग्णालयात एक खाट, तर इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे एक. त्या काळी हे मोजमाप योग्यच होते. परंतु एखादे एकक एकदा सरकारी कागदावर बसले, की ते सहसा उठत नाही.

पुढे राज्यघटना आली. तिच्या सातव्या अनुसूचीत या विषयाची वाटणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. रुग्णालये व सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत. अपंग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हेही राज्यसूचीत, पण वेगळ्या नोंदीखाली. आणि मनोविकृती व तिच्यासाठीच्या संस्था समवर्ती सूचीत. म्हणजे माणूस एकच. आजारी असताना एका नोंदीत, आजारामुळे काम करता येईनासे झाले की दुसऱ्या नोंदीत, आणि त्याला ठेवायची जागा तिसऱ्या नोंदीत. पुढे मंत्रालयांची कामेही साधारण याच धर्तीवर वाटली गेली. औषधोपचार आरोग्य मंत्रालयाकडे, पुनर्वसन सामाजिक न्यायाकडे.

सेवाभावी संस्थांना केंद्राने पद्धतशीर अनुदान देण्याची परंपरा १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळापासून रुजली. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई. त्याच वर्षी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच. सरकारी यंत्रणा जेथे पोहोचत नाही तेथे स्थानिक कार्यकर्ते पोहोचतात, त्यांना थोडा आधार द्यावा, हा विचार उदार होता. परंतु त्या मंडळाचा भर महिला व बालकल्याणावर होता. मानसिक आजाराला त्या अनुदानात ठळक जागा नव्हती.

म्हणूनच या क्षेत्रातील पहिल्या संस्था बहुतांशी देणग्यांवर उभ्या राहिल्या. बंगळूरची मेडिको-पास्टोरल असोसिएशन १९६४ ची, दिल्लीची संजीवनी १९७६ ची. मद्रासच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झालेल्या डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्किझोफ्रेनियासाठी ‘स्कार्फ’ ही संस्था काढली. मोठ्या रुग्णालयाचा कारभार पाहिलेल्या एका डॉक्टरांना निवृत्तीनंतर रुग्णालयाबाहेर संस्था काढावीशी वाटली, यातच पुष्कळ काही आले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. तिचाही पाया लोकसहभागाचाच.

सरकारच्या बाजूने १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला आणि १९९६ साली जिल्हा कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. नवव्या योजनेत तो २७ जिल्ह्यांपर्यंत गेला. त्यासाठीची तरतूद सुमारे २८ कोटी रुपये होती. या पैशाची वाट प्रामुख्याने सरकारी रुग्णालयांकडे व वैद्यकीय महाविद्यालयांकडे जाणारी होती. सेवाभावी संस्थेला या दारातून आत जाणे अवघड होते.

दुसरे दार १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने उघडले. त्यात अपंगत्वाच्या सात प्रकारांमध्ये मानसिक आजाराचा समावेश झाला. पुढे दीनदयाळ अपंग पुनर्वसन योजनेत, उपचारानंतर आजार आटोक्यात असलेल्यांसाठीच्या ‘हाफवे होम’ला अनुदान देण्याची तरतूद झाली. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढेच घेतले गेले; मानसिक आजार बाहेर राहिला. आजही कित्येक संस्था चुकीच्या दारात अर्ज करून वर्ष घालवितात, त्याचे एक कारण हे आहे.

या दुसऱ्या दाराचीही एक अडचण होती. अपंगत्वाचा लाभ ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर मिळतो. पाय गमावलेल्या माणसाचे प्रमाणपत्र वर्षानुवर्षे तेच राहते. मानसिक आजार मात्र चढतो आणि उतरतो. बरे वाटू लागले की टक्के घटतात, टक्के घटले की लाभ जातो, आणि लाभ गेला की औषध सुटण्याचा धोका वाढतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही विपरीत प्रोत्साहनाची उदाहरणे पाठ करीत असू. याहून चपखल उदाहरण मला तेव्हा कोणी दिले नव्हते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दहाव्या योजनेत तरतूद वाढून सुमारे १३९ कोटींवर गेली, मनोरुग्णालयांच्या आधुनिकीकरणाला व वैद्यकीय महाविद्यालयांतील विभागांना पैसा मिळाला. हे आवश्यकच होते. तरी मला राहून राहून वाटते की एरवाडीने दोन प्रश्न विचारले होते. उपचार कोठे मिळणार, हा पहिला. उपचारानंतर माणूस कोठे राहणार, हा दुसरा. आपण मुख्यतः पहिल्याचे उत्तर दिले. माझ्या टेबलावरची ती फाईल दुसऱ्या प्रश्नाची होती, आणि एरवाडीला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती.

तिसरे दार परदेशी व संशोधनाच्या निधीचे. मध्य प्रदेशातील बडवानीचे ‘आशाग्राम’ मुळात कुष्ठरुग्णांसाठी होते. तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर केलेल्या कामाचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. गोव्याची ‘संगत’, तमिळनाडूची ‘स्कार्फ’ आणि साताऱ्यातील सहकारी यांनी २८२ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली, पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा होता. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ता घरी जाऊ लागला की रुग्णांच्या स्थितीत रुग्णालयातील नेहमीच्या उपचारांपेक्षा माफक पण निश्चित सुधारणा होते, असे तीत दिसले. परंतु संशोधनाचा निधी प्रश्नासाठी असतो. उत्तर मिळाले की तो थांबतो, आणि कार्यकर्त्याचा पगार पुढे कोणी द्यायचा हे ठरलेले नसते. त्यातच २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली.

चौथे दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकारावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. आरोग्यसेवा त्या यादीत आहे. येथे पैसा आहे, पण एका चालू प्रकल्पाची मुदत पहिले वर्ष सोडून फार तर तीन वर्षे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक मूलभूत बदल केला. हाफवे होम, आश्रयगृह, समाजात राहण्यासाठीचा आधार या गोष्टी सरकारने पुरवावयाच्या सेवांत मोडू लागल्या. कायद्याने जे कर्तव्य ठरले ते आपण अजून अनुदानाच्या वाटेने पार पाडू पाहतो, आणि अनुदानावर कोणाचाही हक्क नसतो. ते दरवर्षी नव्याने मागायचे असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. एवढी मोठी तूट वर्षावर्षाच्या हप्त्यांनी भरून निघणे कठीण आहे.

माझ्या स्नेह्यांना मी जे लिहिले त्याचा सारांश असा. अर्ज करण्यापूर्वी आपले काम उपचाराचे की पुनर्वसनाचे हे ठरवा, कारण त्यावर मंत्रालय ठरते. नोंदणी, लेखापरीक्षण आणि दर्पण पोर्टलवरील क्रमांक आधी पुरे करा. इमारतीपेक्षा माणसांच्या पगाराची मागणी ठळक मांडा. एकाच दारावर विसंबू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी परतलेल्या माणसांची नोंद काटेकोर ठेवा : कोण केव्हा गेले, सहा महिन्यांनी औषध चालू आहे का, भेटायला कोण गेले. तपासणीस येणाऱ्या माणसाने विचारण्यापूर्वीच ती वही त्याच्यापुढे ठेवा. त्या चिटणीस बाईंकडे अशी वही असती तर मी टिपणी बदलली असती, असे म्हणणे सोयीचे आहे. खरे म्हणजे त्यांचे पत्र पुरेसे होते.

पुढे अनेक वर्षांनी दुसऱ्या एका कार्यालयात तपासणीचा नमुना तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. ‘हजर लाभार्थी’ या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना घातला : ‘वर्षभरात घरी परतलेल्या व संपर्कात असलेल्या व्यक्ती’. थोडी चर्चा होऊन तो मंजूर झाला. पहिले भरलेले नमुने येण्याआधीच माझी बदली झाली.