टायर 'गेला' असं कधी म्हणायचं?

दर वर्षी मे संपत आला की बाईकवाल्यांच्या घरोघरी एक चर्चा झडते. टायर बदलायचा, की अजून एक पावसाळा काढायचा? गॅरेजवाला टायरवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "गोटा झालाय साहेब." साहेब म्हणतात, "दोन हजार किलोमीटर तरी जाईल की रे अजून!" हा वाद बहुतेक घरी खिशाच्या बाजूनेच सुटतो.

पण टायर गोटा होणं म्हणजे टायर संपणं, हे ठरवलं कोणी? याच्या मागे लागलो तेव्हा एक गंमत कळली. सुरुवातीचे सगळे टायर गोटाच होते!

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरचं, १८४५-४६ सालचं. तेव्हा धड सायकलही नव्हती, त्यामुळे ते विस्मरणात गेलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली. (पुढे थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे डनलॉपचं पेटंट रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचंच झालं. असो.) हे टायर वरून गुळगुळीत असत. ते फाटत, पंक्चर होत, आतलं कापड कुजे. झिजून गुळगुळीत व्हायची पाळी यायच्या आधीच त्यांचा कारभार आटोपायचा.

मोटारी वेगात पळायला लागल्यावर ओल्या रस्त्यावर घसरगुंडी सुरू झाली. त्यावर लोकांनी लोखंडी खिळे मारलेली चामड्याची पट्टी टायरवर चढवून पाहिली. १९०८ साली फायरस्टोनने टायरच्या पृष्ठभागावर चक्क 'नॉन स्किड' ही इंग्रजी अक्षरंच ठळक उठवली, तिरकी, ओळीने. नक्षीची नक्षी आणि जाहिरातीची जाहिरात! चिखलात चाकाचा ठसा उमटला की कंपनीची पाटीही उमटत असणार.

म्हणजे नक्षी आली ती पाणी आणि चिखल यांच्यासाठी. कोरड्या डांबरावर तिचा तसा उपयोग नाही. शर्यतीच्या मोटारसायकली कोरड्यात बिननक्षीचेच टायर लावतात, कारण तेवढं जास्त रबर रस्त्याला टेकतं. म्हणूनच "अरे, मस्त पकडतोय की टायर" हा एप्रिलमधला अनुभव जुलैत कामाचा नसतो. माझा एक मित्र २००६ च्या जुलैत खंबाटकीच्या उतारावर पडला. टायर गोटा, आदल्या आठवड्यापर्यंत एकदाही घसरला नव्हता. त्याच्या पायात अजून रॉड आहे.

पुढे काजळी घातलेलं काळं रबर आलं, कापडाच्या जागी आधी दोरे आणि मग नायलॉन आलं. सांगाडा इतका टिकाऊ झाला की वरचं रबर आधी संपू लागलं. 'झिजलेला टायर' हा प्रश्न खरा तेव्हा जन्मला. आणि त्याबरोबर त्याचं देशी उत्तरही, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवायचं! एमआरएफ कंपनी १९४६ साली मद्रासच्या तिरुवोट्टियूरमध्ये खेळण्यातले फुगे करत होती, ती १९५२ मध्ये रिट्रेडिंगच्या रबराकडे वळली. स्वतःचे टायर तिने त्यानंतर बरेच वर्षांनी काढले. (बुलेट बनवणारा एनफिल्डचा कारखानाही तिरुवोट्टियूरचाच.)

आपल्याकडे स्कूटरच्या जमान्यात हा निर्णय सोपा होता, कारण स्टेपनी होती. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीचं जादा चाक विकायला काढलं होतं. त्यांचा धंदा केव्हाच बुडाला, शब्द मात्र आपण सांभाळला. चेतकची पुढची-मागची चाकं एकाच मापाची, त्यामुळे मागचं पुढे, पुढचं स्टेपनीला, स्टेपनी मागे अशी संगीत खुर्ची खेळत आमच्या वडिलांच्या पिढीने एकेक सेट वर्षानुवर्षं चालवला. मोटारसायकलला स्टेपनी नाही आणि बहुतेक गाड्यांचे पुढचे-मागचे टायरही वेगळ्या मापाचे. तिथे फेरफार करायला जागाच नाही.

कायदा तसा उशिराच आला. ब्रिटनमध्ये १९६८ साली मोटारींसाठी एक मिलिमीटर खोलीची अट आली. १९९२ मध्ये ती १.६ झाली, मोटारसायकल मात्र एकवरच राहिली. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी मोटारींच्या टायरच्या खोबणीतच खूण देणं सक्तीचं झालं. खोबणीच्या तळाशी रबराचा आडवा उंचवटा असतो. वरची नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला ०.८ आणि इतर मोटारींना १.६ मिलिमीटर ही मर्यादा आहे. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा, त्याच्या सरळ वर तो उंचवटा दिसेल.

माझ्या मते ०.८ ही दंड चुकवायची मर्यादा आहे, पावसात गाडी चालवायची नव्हे. दोन मिलिमीटर राहिले की मी पैसे बाजूला काढायला लागतो. आणि नुसती खोली बघून भागत नाही. रोज हायवेवर सरळ चालणारी गाडी टायर मधोमध घासते, गोल टायर चपटा होतो, मग वळणावर गाडी एकदम कलंडल्यासारखी वाटते. कडेची नक्षी तेव्हाही नव्यासारखी असते.

तसंच वयाचं. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २००० सालापूर्वी तीनच आकडे असत, त्यामुळे टायर कुठल्या दशकातला हेच नीट कळत नसे. परवा मामाची गाडी पाहिली. आठवड्यातून एकदा मंडईत जाते तेवढीच. नक्षी साडेतीन मिलिमीटर, आकडा ०८१४, आणि खोबणीच्या तळाशी केसासारख्या भेगा. मी म्हटलं, "मामा, हे दोन्ही टायर बदला." मामा म्हणाला, "अरे, नक्षी बघ की! नवा आहे अजून."

पुढचा बदलून घेतलाय. मागच्याबद्दल वाटाघाटी चालू आहेत.