पंक्चर झालंच नव्हतं : संशोधनात स्वतःच्या आठवणीचं काय करायचं?

पेटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारलं, "दादा, स्वतःच्या आयुष्यातला विषय पीएचडीला घेतला तर चालतो का? की तो फार पर्सनल होतो?" मी तेव्हा "चालतो, पण जपून" एवढंच म्हणालो. हे उत्तर अर्धवट होतं. जपून म्हणजे नेमकं काय, ते आज सविस्तर सांगतो. त्यासाठी मला माझी एक जुनी थाप कबूल करावी लागणार आहे.

माझा विषय आहे पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या सायकलचा सामाजिक इतिहास. सुरुवात १९५४ पासून धरली आहे, कारण त्या वर्षी पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डी-पिंपरी-भोसरीत कारखाने वाढत गेले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि नव्वदच्या दशकापासून चाकणची शेतं प्लॉट होत गेली. या सगळ्यात कामगार कारखान्यापर्यंत पोचत कसा होता? बऱ्याच काळापर्यंत उत्तर एकच : सायकलवर.

पण खरं सांगू का, मी या विषयाकडे कामगारांमुळे आलोच नव्हतो. मी आलो माउंटन बाइकमुळे. अकरावी-बारावीत मी क्रॉस-कंट्री शर्यती खेळायचो.

आधी खेळ समजून घेऊ

क्रॉस-कंट्री म्हणजे डोंगराळ, कच्च्या वाटेवरच्या लॅप. एक लॅप साधारण ४ ते ६ किलोमीटरची. चढ, उतार, दगड, मुळं, मध्येच एकच सायकल जाईल एवढी अरुंद वाट. सगळे एकदम सुटतात आणि ठरलेल्या लॅप आधी पूर्ण करणारा जिंकतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे.

यात एक नियम आहे, ८० टक्क्यांचा. समजा, सर्वांत पुढच्या खेळाडूने पहिली लॅप १५ मिनिटांत काढली. १५ चे ८० टक्के म्हणजे १२ मिनिटं. तुम्ही त्याच्या १२ मिनिटं मागे पडलात की पंच तुम्हाला ट्रॅकच्या बाहेर काढतात. कारण साधं आहे : अरुंद वाटेवर पुढचा खेळाडू लॅप मारून मागून आला तर त्याला तुमची अडचण होऊ नये. निकालपत्रात मात्र तुमचं नाव राहतं. नावापुढे वजा एक, वजा दोन असं लिहितात, म्हणजे इतक्या लॅप राहिल्या.

हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी आवडती गोष्ट

सरावाला आम्ही चार-पाच पोरं घोराडेश्वराच्या पायथ्याला जायचो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने देहूरोड गाठायचं आणि डोंगराकडे वळायचं. दगड बाजूला सारून, झुडपं तोडून आम्ही एक वाट केली होती. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचो, की ही आमची ट्रेल, आम्ही बनवलेली.

आणि शर्यत? जिल्ह्याबाहेरची माझी पहिली मोठी शर्यत पाच लॅपची होती. शेवटच्या लॅपला मागचं चाक पंक्चर झालं आणि मला सोडावं लागलं. नाहीतर पहिल्या दहात होतोच. ही गोष्ट मी घरी सांगितली, कॉलेजात सांगितली, आणि पुढे पीएचडीच्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेतही टाकली. साधनांचा अभाव, एका पंक्चरने संपणारी कामगारवस्तीतल्या मुलांची स्वप्नं वगैरे. वाचायला छान वाटत होतं.

गाइड मॅडमनी तो परिच्छेद वाचला आणि दोनच प्रश्न विचारले. "याला पुरावा काय? आणि या वाटेवर तुमच्या आधी कोण चालत होतं?"

मी म्हणालो, "मॅडम, मी स्वतः तिथे होतो ना!"

"म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या.

पहिला प्रश्न : पुरावा

घरी आईने माझी सर्टिफिकेटं एका प्लास्टिकच्या फायलीत ठेवली आहेत. त्यात त्या शर्यतीचं निकालपत्र सापडलं. माझं नाव खालून चौथं. पुढे लिहिलं होतं : वजा ३.

वजा तीन म्हणजे मी दोनच लॅप पूर्ण केल्या होत्या. शेवटच्या लॅपचा प्रश्नच नव्हता, मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. मला ८० टक्क्यांच्या नियमाने बाहेर काढलं होतं.

मला ते पटेना. निकालपत्रच चुकलं असेल, असं वाटलं. मग माझी सरावाची वही काढली. त्या तारखेला दोन ओळी होत्या : "दम संपला. घरी पंक्चर सांगितलं."

मित्रांनो, त्या दिवशी मी बराच वेळ ती वही हातात धरून बसलो होतो. खोटं बोललो होतो याचं तितकं काही वाटलं नाही, सतराव्या वर्षी पोरं बोलतात. हादरलो ते वेगळ्याच गोष्टीने. आपण खोटं बोललो होतो हेच मी विसरलो होतो. पंक्चर मला *आठवत* होतं. चाकातून हवा गेल्याचा आवाजसुद्धा आठवत होता.

मौखिक इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो की स्मृती ही घटनेची नक्कल नसते, ती पुन्हा पुन्हा सांगताना घडत जाते. परीक्षेत लिहितोही. पण स्वतःवर आल्याशिवाय ते कळत नाही. आता मी एखाद्या निवृत्त कामगाराची मुलाखत घेतो आणि त्यांचं सांगणं हजेरीपत्रकाशी जुळत नाही, तेव्हा "हे खोटं सांगतायत" असं म्हणत नाही. मी विचारतो, ही गोष्ट अशीच सांगायची गरज त्यांना का पडली असेल? माझ्या पंक्चरमध्येही माहिती आहेच. सायकल बिघडली म्हटलं तर चालतं, पण दम संपला म्हणायची लाज वाटते, अशा घरात आणि अशा वयात मी होतो, हे त्यातून कळतं. फक्त ती माहिती शर्यतीबद्दलची नाही.

दुसरा प्रश्न : वाट कोणाची?

ट्रेल आम्ही बनवली, हा दावा तर पहिल्याच तपासात पडला. घोराडेश्वराच्या डोंगरावर शेलारवाडीची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, मूळची बौद्ध. पुढे तिथे महादेवाची स्थापना झाली आणि महाशिवरात्रीला आजही गर्दी लोटते. १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या लेण्यांची नोंद आहे. जिथे दोन हजार वर्षं माणसं जातायत, तिथे पायथ्याच्या वाटा आम्ही चार पोरांनी बनवल्या असं म्हणणं म्हणजे कमालच. भिक्खू, भाविक, गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका, यांच्या पायांनी पडलेल्या वाटांवरचे काही दगड आम्ही हलवले होते, एवढंच.

तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात दान देणाऱ्या बाईचं नाव आहे : सियागुतनिका. ती धेनुकाकट इथली, नांगर धरणाऱ्या एका शेतकऱ्याची बायको. राणी नाही, सेठाणी नाही. तिचं नाव दगडावर आलं म्हणून आपल्याला ती माहीत आहे. बाकीच्या वाट तुडवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

नोंद ठेवतो त्याचा इतिहास होतो

माउंटन बाइकचा इतिहास कुठेही वाचा, सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीपासून होते. २१ ऑक्टोबर १९७६ ला काही मित्रांनी तिथल्या एका कच्च्या डोंगरी रस्त्यावर उताराची शर्यत लावली. जुन्या, जाड टायरच्या सायकली होत्या. उतरताना मागचा ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं रिपॅक. पुढे कारखान्यात बनणाऱ्या माउंटन बाइक आल्या आणि १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली.

पण कच्च्या वाटेवर सायकल नेणारी ती पहिली माणसं होती का? नाही. इंग्लंडमध्ये १९५५ मध्येच रफ-स्टफ फेलोशिप नावाचा क्लब निघाला होता, त्यांचा उद्योग हाच. पन्नाशीच्या दशकात पॅरिसजवळही एक क्लब असंच काही करत होता. मग मान मरिनला का मिळाला? एक कारण हे की त्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे : चार्ली केली नावाचा गडी शर्यतींच्या वेळा वहीत टिपत होता आणि वेंडी क्रॅग ही त्यांच्यातलीच सायकलस्वार फोटो काढत होती.

आता हे आपल्याकडे लावून बघा. संगमनेरच्या प्रणिता सोमणसारखी खेळाडू राष्ट्रीय पदक आणते तेव्हा बातमी होते, आणि व्हायलाच हवी. पण बातमी पहिल्या तिघांवर संपते. वजा तीनवाल्यांचा कागद आयोजकांच्या कपाटात राहतो, नाहीतर रद्दीत जातो. म्हणजे खेळातला ८० टक्क्यांचा नियम एकदा ट्रॅकवर लागतो आणि दुसऱ्यांदा दप्तरात. ट्रॅकवर तो योग्य आहे, पण इतिहासकाराने तो जसाच्या तसा उचलायचं कारण नाही.

मग पप्पांची मुलाखत घेतली

सिनॉप्सिस नव्याने लिहिताना मॅडम म्हणाल्या, "घरापासून सुरू करा." माझे वडील भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात सेकंड हँड एम-८० घेईपर्यंत ते चिखलीहून सायकलने जायचे. इतकी वर्षं माझी समजूत होती की सायकलिंगमधलं त्यांना काही कळत नाही.

आधी मी वेड्यासारखं विचारलं, "तेव्हा सायकल चालवताना काय वाटायचं?" ते म्हणाले, "काय वाटणार? उशीर होईल असं वाटायचं." मुलाखत तिथेच संपली असती. मग प्रश्न बदलले. घरातून किती वाजता निघायचात? कुठल्या वाटेने? पावसाळ्यात काय करायचात? हँडलला काय असायचं?

आणि मग ते तासभर बोलले. थर्ड शिफ्टला डायनामोच्या उजेडात शेताच्या बांधावरून जाणं. पावसात ओढ्याला पाणी आलं की चपला हँडलला अडकवून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाणं. हँडलला डबा आणि डब्यावर प्लास्टिकची पिशवी. कार्ड पंच करायला पाच मिनिटं उशीर झाला की पगार कापायचे.

सायकल खांद्यावर! क्रॉस-कंट्रीत दगडी चढावर आम्ही हेच करतो. मी उत्साहाने म्हणालो, "पप्पा, म्हणजे तुम्ही पण माउंटन बाइकिंगच करत होतात."

ते हसले. "तुम्ही हौसेनं चढ शोधता. आम्ही चढ टाळायचो."

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद या दोन वाक्यांवर उभा आहे. हालचाल तीच, वाटही तशीच, पण एकाच्या मागे शिफ्टचा भोंगा आणि दुसऱ्याच्या छातीवर शर्यतीचा नंबर. एमआयडीसीच्या पगारावर आधी घरात दुचाकी आली आणि पुढे मुलाला गिअरची सायकल घेण्याची ऐपत आली. सायकल गरजेतून सुटली, तेव्हाच ती खेळ झाली. दोन्ही अनुभव "सायकलप्रेम" या एका शब्दात कोंबले असते तर हा बदल दिसलाच नसता.

रेकॉर्डर बंद केल्यावर मी निकालपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि पंक्चरचं खरं काय ते सांगून टाकलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तू आलास त्या रात्री सायकल मीच धुतली ना. दोन्ही ट्यूब धड होत्या."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझं तोंड बघितलं. काय बोलायचं?"

म्हणजे सगळ्यात पक्का साक्षीदार दहा-बारा वर्षं त्याच घरात होता. मीच कधी विचारलं नव्हतं.

तर, विषय पर्सनल असला तर काय करायचं?

विषय जरूर घ्या. पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तुम्हाला काय आठवतं ते लिहा, कुठलाही कागद न बघता. दुसऱ्यात त्याच गोष्टीबद्दल कागद काय म्हणतो : निकालपत्र, नकाशा, सातबारा, पगाराची स्लिप, जे मिळेल ते. तिसऱ्यात तिथे हजर असलेला दुसरा माणूस काय म्हणतो. जिथे तिन्ही जुळतात तिथे तळटीप टाका आणि पुढे जा. जिथे जुळत नाहीत तिथे थांबा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.

आणि हो, पहिला रकाना पेनने लिहा. पेन्सिलने लिहिला तर कागद सापडल्यावर तो गुपचूप खोडायचा मोह होतो. मला झाला होता.

सिनॉप्सिसमधला तो पंक्चरचा परिच्छेद मी काढून टाकला नाही. त्याखाली निकालपत्रातली नोंद दिली आणि वहीतल्या दोन ओळी दिल्या. मॅडमनी समासात लिहिलं, "आता पुढे लिहा."