फाळक्यांचा वाटाणा आणि माझी तूर

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी उमरीत घराच्या गच्चीवर तुरीची रोपं लावली होती. रोज सकाळी मोबाइलने फोटो काढायचा आणि पानांची वाढ मोजायची, एवढंच काम. पंचवीस दिवसांनी फोटो शेजारी-शेजारी लावले तेव्हा कळलं, एकाचंही अंतर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि निम्मे तर हललेलेच. सगळी मोजणी बाद. सरांनी एवढंच विचारलं, "स्टँड नव्हता का?" पैसे नव्हते, सर.

नेमकं हेच काम दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये केलं होतं. लंडनहून ते विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. सिनेमासाठी भांडवल हवं होतं, पण पैसेवाल्यांना पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्याची वाढ टिपली. पडद्यावर अंकुर फुटून बघता बघता वेल झाला. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा चित्रपट. तो बघूनच कर्ज मिळालं आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

आता जरा हिशेब करू. रोज एक फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि चित्रपट मिनिटभराचा होता असंही. त्या काळी सेकंदाला साधारण 16 फ्रेम चालायच्या. म्हणजे 30 फ्रेमचे जेमतेम दोन सेकंद होतात. मिनिटाला 960 लागतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मला तरी रोज तीसेक फ्रेमचा अंदाज जास्त पटतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना असले आकडे भागून बघत जा.

पण आकडा कोणताही घ्या, कॅमेरा महिनाभर जागचा हलून चालणार नव्हतं. त्यात तो हाताने हँडल फिरवायचा कॅमेरा, म्हणजे दर फ्रेमला धक्का बसणारच. माझी चूक इथेच होती. स्टँड नव्हता हे खरं, पण जागा पक्की करायला स्टँड लागतोच असं कुठे आहे?

हातात धरूनच फोटो काढायचा असेल तर सुतळी पुरते. कॅमेऱ्याच्या तळाला स्टँडसाठी पाव इंची आट्यांचं भोक असतं. त्यात बसेल असा छोटा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बोल्टला सुतळी बांधा, खालचं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणलेली ठेवा. वर-खाली हलणं बरंच कमी होतं. डावं-उजवं मात्र राहतं. त्यासाठी सुतळीची दोन टोकं दोन पायांखाली घ्या, उलट्या व्हीसारखी. मोबाइलला भोक नसतं. त्याला ज्वारी अर्धी भरलेली कापडी पिशवी बरी, दाणे सरकून फोनला घट्ट धरतात. बटणाऐवजी टायमर लावा, कारण बोटाचा धक्काही फोटोत उतरतो.

या वर्षी तूर पुन्हा लावलीय. गच्चीवर दोन विटा सिमेंटने बसवल्या, त्यावर ज्वारीची पिशवी, कुंडीभोवती खडूची खूण आणि प्रत्येक फोटोत उभी पट्टी. आज अकरावा दिवस.