चूळ नाकातून का येते?

वरची दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आले, तर रोगी घाबरून जातो. हे कसे घडते ते पाहू.

वरच्या दाढांच्या मुळांलगत, गालाच्या आतील हाडात हवेची एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. काही जणांत मुळे आणि सायनस यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. दाढेबरोबर तो तुटला की तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडते. दोन-तीन मिलिमीटरचे भोक बहुधा आपोआप भरते. मोठे भोक तसेच राहिले तर त्याच्या कडांवर आतून त्वचेसारखा थर चढतो. मग ते आपोआप मिटत नाही. अन्नकण वर जातात आणि सायनसमध्ये पू होतो.

इंग्लंडमधील वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये या पोकळीचे वर्णन केले. सुळा काढलेल्या एका बाईने त्या जागी पिसाची काडी घातली. ती इतकी आत गेली, की मेंदूपर्यंत पोचली असे बाईंना वाटले. ही पोकळी प्रत्येकाला असते, असे सांगून हायमोर यांनी त्यांना धीर दिला.

आतला पू काढल्याशिवाय भोक शिवून उपयोग नसतो. जबड्याच्या पुढच्या बाजूने सायनस उघडून साफ करण्याची रीत न्यूयॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसचे ल्यूक यांनी १८९७ मध्ये मांडली. पण भोक कशाने झाकायचे?

ठिगळ जिवंत हवे, म्हणजे त्याला रक्त मिळत राहिले पाहिजे. हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसवले. ती त्वचा एका बाजूने जोडलेलीच ठेवली होती. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली.

तोंडातील भोकासाठीही हेच तत्त्व वापरतात. १९३६ मध्ये रेहरमान यांनी गालाच्या बाजूचा रुंद बुडाचा पदर ओढून भोकावर शिवला. १९३९ मध्ये अ‍ॅशली यांनी टाळूचा पदर त्याच्या रक्तवाहिनीसह वळवला. १९७७ मध्ये एगेदी यांनी गालातील चरबीचा गोळा वापरला.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. मुख व जबड्याची शस्त्रक्रिया हा तेथील अभ्यासक्रमाचा भाग आहे. म्हणजे या उपचाराचे ज्ञान खेड्यापर्यंत आले आहे. उरते ते आपले काम. दाढ काढल्यावर पाणी नाकातून आले तर जोराने नाक शिंकरू नये, काडी घालून पाहू नये आणि लगेच दंतवैद्याला सांगावे. वर्गात एवढे सांगितले, तरी एखाद्या घरातील दुखणे लवकर थांबेल.