डाल्टन गांवचा करार

दिवेलागणी झाली कीं घरोघरीं एक प्रश्न उभा राहतो. मुलांनीं अभ्यासाला किती वेळ बसावें, आणि त्यांतील कोणतें काम आधीं करावें हें कोणीं ठरवावें? हा प्रश्न आपल्याच घरचा वाटतो. परंतु त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९०१ मध्यें कायदाच केला कीं, पंधरा वर्षांखालील मुलांवर घरच्या अभ्यासाची सक्ती करूं नये. १९१७ मध्यें तो रद्द झाला. मुलांची संध्याकाळ मोकळी करण्याचा हेतु चांगला होता. पण मोकळा वेळ कसा वापरावा, हें बंदी शिकवूं शकत नाहीं.

तें काम हेलन पार्कहर्स्ट या बाईंनीं हातीं घेतलें. १९०४ मध्यें विस्कॉन्सिन राज्यांतील एका खेड्यांत, एका खोलीच्या शाळेंत, आठ इयत्तांचीं चाळीस मुलें एकट्या त्यांच्या हवालीं होतीं. एका इयत्तेस शिकवीत असतांना उरलेल्या सात इयत्तांनीं काय करावें? ज्यानें एकशिक्षकी शाळा पाहिली आहे त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाहीं. बाईंनीं मुलांनाच आपापल्या कामाचे धनी केलें आणि थोरल्यांना धाकट्यांच्या मदतीस लाविलें. याच अनुभवांतून वाढलेली योजना १९२० मध्यें मॅसॅच्युसेट्समधील डाल्टन गांवच्या हायस्कुलांत सुरू झाली.

वर्षाचा अभ्यास महिन्यामहिन्याच्या हप्त्यांत वांटलेला असे. वीस शालेय दिवसांचें सर्व विषयांचें काम विद्यार्थ्यानें सहीनिशीं पत्करावयाचें, हाच करार. तें काम बहुतेक शाळेंतच होई. प्रत्येक विषयाची स्वतंत्र खोली, तेथें त्या विषयाचीं पुस्तकें आणि शिक्षक. सकाळीं तासांची घंटा बंद. गणित आधीं कीं इतिहास, आणि कशावर किती वेळ घालवावा, हें विद्यार्थ्याच्या मर्जीवर. मात्र एक अट कडक होती. चालू महिन्याचें सर्व विषयांचें काम पुरें झाल्याशिवाय पुढचा करार मिळत नसे. म्हणून आवडत्या विषयांत पुढें धांवून नावडता मागें टाकण्याची सोय नव्हती. झालेल्या कामाचा आलेख विद्यार्थी स्वतः रेखाटी.

येथें निवड आणि मुदत या एकमेकींच्या वैरिणी नाहींत. मुदतीवांचून निवड म्हणजे चालढकल. निवडीवांचून मुदत म्हणजे वेठ.

करार मोडला तर काय होतें, तें रशियांत दिसलें. १९२० नंतरच्या दशकांत ही पद्धति तेथें गेली. परंतु करार एकट्या विद्यार्थ्याचा न राहतां तुकडीचा झाला. चारपांच जणांनीं मिळून काम करावें आणि एकानें सर्वांच्या वतीनें उत्तर द्यावें. हुशार मुलगा राबे, बाकीचे त्याच्या आडोशानें पार पडत. बारभाईची खेती, काय लागेल हातीं! १९३२ मध्यें सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या ठरावानें ती पद्धति बंद पडली आणि शिक्षकाचा तास पुन्हा मुख्य झाला.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानें मर्यादा सुचविल्या आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाहीं. तिसरी ते पांचवी आठवड्यास फार तर दोन तास. सहावी ते आठवी रोज एक तास. नववीपासून रोज दोन तास. हें योग्यच झालें. परंतु निवड सरकार देऊं शकत नाहीं. ती शिक्षकानें आणि आईबापांनीं द्यावयाची आहे. शिक्षकानें सोमवारीं आठवड्याचें काम सांगावें, शनिवार ही मुदत ठेवावी, आणि मधले दिवस मुलाच्या हवालीं करावे. घरच्यांनीं रोज "झालें का?" म्हणून पाठीस लागूं नये, शनिवारीं वही पाहावी.

एखादा शनिवार फसेल. फसूं द्यावा. पुढें परीक्षेच्या, नोकरीच्या, संसाराच्या मुदती यावयाच्याच आहेत. त्या पाळण्याचा सराव दहाव्या वर्षीं, वहीच्या एका पानावर फसला, तर नुकसान फार थोडें होतें.